बंदुकीची नळी टिकवायला गेला आणि न गंजणारं स्टील शोधून बसला, त्या हॅरी ब्रिअर्लीची गोष्ट

शिकारीची बंदूक सांभाळणं म्हणजे गंजाशी रोजची कुस्ती. जुन्या काडतुसांच्या टोपीतल्या बारुदात क्लोरेट असायचं. बार उडाला की नळीत मिठासारखा क्षार उरायचा. तो हवेतला ओलावा ओढायचा आणि नळी आतून गंजायची. म्हणून जुने शिकारी आधी नळीत गरम पाणी ओतायचे, मग ती कोरडी करून तेल लावायचे. नुसतं तेल लावलं तर खाली क्षार तसाच राहायचा.

पण न गंजणारं स्टील ज्याच्या हाती लागलं, तो माणूस मुळात गंज शोधतच नव्हता.

हॅरी ब्रिअर्लीचा जन्म १८ फेब्रुवारी १८७१ चा, इंग्लंडमधल्या शेफील्डचा. शेफील्ड म्हणजे पोलाद आणि सुऱ्या-कात्र्यांचं गाव. वडील पोलादाच्या भट्टीवर कामाला. १२ व्या वर्षी हॅरीची शाळा सुटली आणि तोही कारखान्यात मजूर म्हणून लागला. थोड्याच दिवसांत त्याला तिथल्या प्रयोगशाळेत हरकाम्या म्हणून घेतलं. तिथं बाटल्या धुता धुता पोरगं रसायनशास्त्र शिकलं.

१९०८ मध्ये शेफील्डच्या दोन बड्या पोलाद कंपन्यांनी मिळून ब्राऊन फर्थ ही संशोधन प्रयोगशाळा काढली आणि तिचा प्रमुख केला ब्रिअर्लीला. १२ व्या वर्षी शाळा सोडलेल्या माणसाला!

१९१२ मध्ये बंदुका बनवणारी एक कंपनी त्याच्याकडे आली. तक्रार अशी की बार उडाल्यावर तापलेल्या वायूंनी नळी आतून झिजते आणि लवकर बाद होते. म्हणजे प्रश्न झिजेचा होता, गंजाचा नव्हता.

ब्रिअर्लीने पोलादात क्रोमियमचं प्रमाण वाढवून बघायला सुरुवात केली. १३ ऑगस्ट १९१३ रोजी त्याने जे पोलाद ओतलं, त्यात १२.८ टक्के क्रोमियम आणि ०.२४ टक्के कार्बन होता. आता धातूची आतली रचना सूक्ष्मदर्शकाखाली बघायची तर तो आधी नायट्रिक ॲसिडने थोडा खरवडावा लागतो. पण या तुकड्यावर ॲसिडचा परिणामच होईना. व्हिनेगर, लिंबाचा रस लावून बघितला, तरी डाग नाही.

भंगारात टाकलेली नळी चमकताना दिसली, अशी एक गोष्ट सांगितली जाते. पण खरी खूण पटली ती ॲसिडमुळे.

यामागचं गणित साधं आहे. क्रोमियम हवेतल्या ऑक्सिजनशी जुळतं आणि धातूवर डोळ्यांना न दिसणारा पातळ थर तयार होतो. ओरखडा पडला तरी तो थर पुन्हा धरतो.

शेफील्डच्या माणसाला इथं बंदुकीआधी सुरी दिसली. पण मालकांना त्यात धंदा दिसेना. सुरुवातीच्या सुऱ्यांना धार धरेना, म्हणून न कापणाऱ्या सुऱ्या काढणारा अशी ब्रिअर्लीची टिंगलही झाली. शेवटी सुऱ्यांच्या एका कारखान्याचा व्यवस्थापक अर्नेस्ट स्टुअर्टने नीट सुऱ्या बनवून दाखवल्या. ब्रिअर्ली या पोलादाला रस्टलेस म्हणायचा, स्टेनलेस हे नाव स्टुअर्टचं.

पुढं हक्कांवरून मालकांशी वाजलं आणि १९१५ मध्ये ब्रिअर्लीने प्रयोगशाळा सोडली. जर्मनीत क्रुप कंपनीच्या लोकांनी १९१२ मध्येच निकेल-क्रोमियम पोलादाचं पेटंट घेतलं होतं, अमेरिकेतही दावेदार होते. त्यामुळे एकट्याने शोध लावला असं म्हणता येत नाही. तरी १९२० मध्ये त्याला पोलाद क्षेत्रातलं मानाचं बेसेमर सुवर्णपदक मिळालं. १४ जुलै १९४८ रोजी टॉर्की इथं त्याचं निधन झालं.

आज शिकारीच्या रायफलींना स्टेनलेसच्या नळ्याही मिळतात. म्हणून तेलाची बाटली फेकून द्यायची का? तर नाही. घामातलं आणि समुद्राच्या हवेतलं मीठ तो पातळ थर फोडतं आणि तिथं बारीक खड्डे पडतात. चामड्याच्या म्यानात ओलावा धरून राहतो, त्यामुळे बंदूक त्यात कायमची ठेवायची नसते. पुसायचं, कोरडं करायचं, तेलाचा पातळ हात द्यायचा, हे काम ब्रिअर्लीच्या पोलादालाही चुकलेलं नाही. त्याने गंज लांब नेला, संपवला नाही.