लिओनार्ड ऑयलर व त्याची एक संख्या

थोर गणिती लिओनार्ड ऑयलर याचा जन्म स्वित्झर्लंडांतील बाझल शहराचा, ता. १५ एप्रिल १७०७ चा. वडील धर्मोपदेशक होते व मुलानेंहि तोच मार्ग धरावा अशी त्यांची इच्छा होती. परंतु योहान बर्नूली या गणित्यानें मुलाची बुद्धि ओळखून त्यांचें मन वळविलें. १७२७ सालीं ऑयलर रशियांतील सेंट पीटर्सबर्गच्या अॅकॅडमींत गेला. १७४१ पासून पंचवीस वर्षें त्यानें बर्लिन येथें काढलीं व १७६६ सालीं तो पुनः रशियांत परतला. त्याच्या ग्रंथांची व निबंधांची संख्या आठशेंच्या वर आहे. त्या सर्वांचें वर्णन या पानांत मावणारें नाहीं. येथें एका संख्येचीच हकीकत सांगावयाची आहे.

ती संख्या २,१४,७४,८३,६४७. दोनाचा एकतिसावा घात घेऊन त्यांतून एक वजा केला म्हणजे ती येते. इटलीच्या कॅटाल्डीनें १६०३ सालीं असें प्रतिपादिलें होतें कीं, २३, २९, ३१ व ३७ हे घात घेऊन याच रीतीनें केलेल्या चारहि संख्या मूळसंख्या आहेत. म्हणजे एक व ती स्वतः यांखेरीज त्यांस दुसरा भाजक नाहीं. पैकीं २३ व ३७ यांविषयींचें मत फ्रान्सच्या फर्मानें १६४० सालीं खोडून काढलें. पहिलीस ४७ नें व दुसरीस २२३ नें पूर्ण भाग जातो. २९ ची संख्या ऑयलरनेंच १७३८ सालीं मोडली. तिला २३३ हा भाजक आहे. त्याच सुमारास त्याच्या उजव्या डोळ्याची दृष्टि गेली. राहिली एकतिसाची संख्या. चारांपैकीं तीन पडल्यावर चौथीवर विश्वास कोण ठेवणार?

संख्या मूळ नाहीं हें दाखविण्यास एकच भाजक पुरतो. ती मूळ आहे असें ठरविण्यास मात्र एकहि संभाव्य भाजक वगळून चालत नाहीं. या संख्येस भाजक असलाच, तर त्यास ६२ नें भागून बाकी १ उरली पाहिजे. शिवाय ८ नें भागून बाकी १ किंवा ७ च उरली पाहिजे. दोहोंचा मेळ घालतां ६३, २४९, ३११, ४९७ इत्यादि, म्हणजे २४८ नें भागून १ किंवा ६३ बाकी ठेवणाऱ्या संख्याच तेवढ्या उरतात. दोन भाजकांतील लहान तो वर्गमूळाहून मोठा नसतो, म्हणून ४६,३४० च्या पुढें पाहण्याचेंहि कारण नाहीं. हजारों भागाकारांचें काम असें फार तर ३७२ वर आलें.

तरी तेवढे भागाकार करावयाचे कोणी? डाव्या डोळ्यांत मोतीबिंदु वाढला होता. १७७१ सालीं शस्त्रक्रिया झाली, थोडे दिवस दिसूं लागलें आणि पुढें तें दिसणेंहि गेलें. त्याच वर्षीं आगींत राहतें घर जळालें. ऑयलर तोंडानें सांगे व मुलगा आणि शिष्य लिहून घेत. मोठमोठे हिशेब तो मनांतच करी. १७७२ सालीं, वयाच्या पासष्टाव्या वर्षीं, त्यानें योहानचा मुलगा व आपला जुना मित्र डॅनिएल बर्नूली यास पत्रानें कळविलें कीं, एकतिसाची संख्या मूळसंख्याच आहे.

ता. १८ सप्टेंबर १७८३ रोजीं, नव्या युरेनस ग्रहाच्या कक्षेविषयीं बोलणें झाल्यावर कांहीं वेळानें, त्याचा अंत झाला. १८७६ सालीं ल्यूका या फ्रेंच गणित्यानें एकोणचाळीस अंकी मूळसंख्या सिद्ध केली. तिच्यापुढें ऑयलरची संख्या अगदींच लहान. पण संगणक आल्यावर तिचें नांव पुनः निघालें. कित्येक जुन्या संगणकांची घड्याळें १९७० च्या आरंभापासून सेकंद मोजतात, व ज्या मोठ्यांत मोठ्या आंकड्यापर्यंत त्यांना मोजतां येतें तो हाच. ग्रिनिच वेळेप्रमाणें ता. १९ जानेवारी २०३८ रोजीं पहाटे ३ वाजून १४ मिनिटें ७ सेकंदांनीं तीं तेथें पोंचतील.