लंपनला घडवणारे प्रकाश नारायण संत कोण होते? एका लेखकाची दोन नावं का होती? समजून घ्या

शाळकरी वयात आईबाबांना सोडून आजी-आजोबांकडे राहायला आलेला मुलगा म्हणजे लंपन. २०२४ मध्ये आलेल्या ‘लंपन’ वेबसिरीजमुळे तो नव्या पिढीपर्यंत पोहोचला. गोव्याच्या इफ्फी महोत्सवात त्याच वर्षी या मालिकेला सर्वोत्कृष्ट वेबसिरीजचा पुरस्कारही मिळाला. पण लंपन ज्यांच्या लेखणीतून उतरला, त्यांचं बालपणही काहीसं असंच होतं.

जन्म आणि घर

प्रकाश नारायण संत यांचा जन्म १६ जून १९३७ चा. घर बेळगावचं. आई कवयित्री इंदिरा संत, तर वडील ना. मा. संत हेही लेखक. दोघांच्या कवितांचा ‘सहवास’ हा संग्रह १९४० मध्ये निघाला. १९४६ मध्ये वडील गेले, तेव्हा प्रकाश जेमतेम नऊ वर्षांचे होते.

दोन नावं कशी?

प्रकाश आजोळी दत्तक गेले. त्यामुळे कागदोपत्री त्यांचं नाव झालं भालचंद्र गोपाळ दीक्षित. कराडच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवणारे ‘दीक्षित सर’ ते हेच. लेखनासाठी मात्र त्यांनी जन्माचं नाव ठेवलं. त्यात ‘नारायण’ हे वडिलांचं नाव आहे. दत्तक गेल्यावर जे नाव मागे पडलं, ते अशा प्रकारे पुस्तकांच्या मुखपृष्ठावर परत आलं.

लंपन वेगळा का?

लंपन सीमाभागातल्या गावात वाढतो. कानडी वळणाची मराठी बोलतो, वाट्टेल ते आकडे फेकतो, सुमीचा विचार करत बसतो. चारचौघांसारखं वागणं त्याला जमत नाही. आजी-आजोबांची माया भरपूर मिळते, तरी आईची आठवण सुटत नाही. इथे कुणीच दुष्ट नाही, तरीही मूल घरापासून तुटलं आहे. हे दुःख संतांनी रडगाणं न करता, मुलाच्याच भाषेत मांडलं.

पुस्तकं कधी आली?

लंपनच्या सुरुवातीच्या कथा ‘सत्यकथा’ मासिकात आल्या. त्यानंतर बराच काळ खंड पडला. ‘वनवास’ (१९९४) आलं तेव्हा संत पन्नाशी ओलांडून गेले होते. पुढे ‘शारदा संगीत’ (१९९७) आणि ‘पंखा’ (२००१) आली. १५ जुलै २००३ रोजी त्यांचं निधन झालं. ‘झुंबर’ त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झालं. पत्नी सुप्रिया दीक्षित यांनी ‘अमलताश’ या पुस्तकात दोघांच्या सहजीवनाची हकिकत सांगितली आहे.

आज का वाचायचं?

संतांचा जन्मदिवस शाळा सुरू होण्याच्या दिवसांत येतो. सुट्टी संपवून मणिबेलीसारख्या नर्मदाकाठच्या गावांतली मुलं पत्र्याची पेटी घेऊन आश्रमशाळेत परततात, ते हेच दिवस. त्यांच्या राहण्याखाण्याची नोंद सरकारी रजिस्टरमध्ये होते. रात्री घर आठवून झोप लागत नाही, याची नोंद कुठेच होत नाही. ती लंपनच्या चार पुस्तकांत सापडते.