निकोल प्रिझममधला डिंक: विल्यम निकोल यांची गोष्ट

फर्स्ट इयरच्या फिजिक्समध्ये निकोल प्रिझमची आकृती बहुतेक इंजिनिअर्सनी काढलेली असते. त्यातली मधली तिरकी रेष म्हणजे चक्क डिंकाचा थर, हे मात्र फारसं कुणाच्या लक्षात राहत नाही. सगळी करामत त्या थराचीच आहे.

विल्यम निकोल यांचा जन्म १७७० सालचा, स्कॉटलंडमधला. नात्यातले हेन्री मोयेस दृष्टिहीन होते, तरी गावोगावी फिरून विज्ञानावर व्याख्यानं देत. निकोल त्यांचे मदतनीस झाले. १८०७ मध्ये मोयेस वारले आणि निकोल स्वतः व्याख्यानं देऊ लागले. पुढे एडिंबरामध्ये स्थायिक होऊन ते स्फटिक, खडक आणि अश्मीभूत लाकूड यांच्या अभ्यासात रमले.

कॅल्साइटच्या स्फटिकातून पाहिलं की एकाच्या दोन प्रतिमा दिसतात, कारण प्रकाशाचे दोन किरण होतात. निकोल यांना त्यातला एकच हवा होता. १८२८ मध्ये त्यांनी स्फटिक तिरका कापला आणि दोन्ही तुकडे कॅनडा बाल्समने परत चिकटवले. हा बाल्सम म्हणजे फर जातीच्या झाडाचा पारदर्शक चीक.

आता आकडे बघा. कॅल्साइटमध्ये साधारण किरणाचा अपवर्तनांक १.६५८, असाधारण किरणाचा १.४८६ आणि बाल्समचा सुमारे १.५५, म्हणजे बरोबर दोघांच्या मधला. त्यामुळे साधारण किरण डिंकाच्या थरावर आपटून पूर्ण आंतरिक परावर्तनाने बाजूला जातो आणि असाधारण किरण सरळ पार होतो. डिंकाचा अपवर्तनांक १.६५८ पेक्षा जास्त असता, तर दोन्ही किरण पार झाले असते आणि प्रिझम निरुपयोगी ठरला असता.

खडकाचे पातळ काप काचेवर चिकटवायलाही निकोल यांनी हाच बाल्सम वापरला. पण ते लिहायचे फार कमी. कापांची ही पद्धत १८३१ मध्ये हेन्री विथम यांच्या पुस्तकातून लोकांसमोर आली. निकोल १८५१ मध्ये वारले. त्यांचे प्रिझम लावलेल्या सूक्ष्मदर्शकाखाली असे काप तपासणं ही पुढे भूविज्ञानाची रोजची पद्धत झाली.

आज ऑप्टिकल फायबर चिपला जोडतानाही पहिला प्रश्न तोच असतो: प्रकाश डिंकातून जाणार आहे का? जाणार असेल, तर डिंकाचा अपवर्तनांक काचेच्या जवळ, म्हणजे १.४५ च्या आसपास लागतो. मध्ये हवेची फट राहिली, तर काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावर सुमारे ३.५ टक्के प्रकाश परत फिरतो.

दुसरा प्रश्न आकसण्याचा. सिंगल मोड फायबरचा गाभा जेमतेम ९ मायक्रॉनचा. म्हणून पलीकडे किती प्रकाश पोचतोय ते मोजत फायबर जागेवर आणतात आणि अतिनील प्रकाशाने डिंक काही सेकंदांत घट्ट करतात. घट्ट होताना तो एक-दोन मायक्रॉन जरी सरकला, तरी सगळी मेहनत वाया! शिवाय उष्णतेने तो मऊ पडता कामा नये.

त्यामुळे डेटाशीटमध्ये नुसती चिकटण्याची ताकद बघून डिंक निवडू नका. अपवर्तनांक, आकसण्याचं प्रमाण आणि तापमानाची मर्यादा हे तीन आकडे आधी शोधा.