न्यायमूर्ती राधाबिनोद पाल : कोलकाता ते टोकियो

भारतात न्यायाधीशांची नियुक्ती होते, निवडणूक होत नाही. कोलकात्याचे न्यायमूर्ती राधाबिनोद पाल यांनाही उच्च न्यायालयातील आणि पुढे टोकियोच्या युद्धगुन्हे न्यायाधिकरणातील आसन नियुक्तीनेच मिळाले. मतदानाने ते ज्या पदावर गेले, ते होते संयुक्त राष्ट्रांच्या आंतरराष्ट्रीय विधी आयोगाचे सदस्यत्व. विशेष असे की, टोकियोत त्यांनी जे तत्त्व ठामपणे नाकारले होते, ते या आयोगाने त्यांच्या निवडीच्या दोनच वर्षे आधी, १९५० मध्ये, सूत्रबद्ध केले होते.

पाल यांचा जन्म २७ जानेवारी १८८६ रोजी तत्कालीन नदिया जिल्ह्यातील, आज बांगलादेशात असलेल्या कुश्तिया परिसरात झाला. घरची परिस्थिती बेताची होती. कोलकात्याच्या प्रेसिडेन्सी महाविद्यालयात त्यांनी गणिताचा अभ्यास केला. काही काळ अलाहाबादला सरकारी हिशेब कार्यालयात कारकुनी केली आणि नंतर मैमनसिंगच्या आनंदमोहन महाविद्यालयात गणित शिकवले. कायद्याचा अभ्यास त्यांनी या नोकऱ्या सांभाळून केला. १९२३ ते १९३६ या काळात ते कोलकाता विद्यापीठाच्या विधी महाविद्यालयात अध्यापक होते. हिंदू कायद्याच्या तत्त्वज्ञानावरील त्यांचा अभ्यास आणि प्राप्तिकर कायद्यावरील प्रभुत्व यांमुळे वकिलीतही त्यांचे नाव झाले. १९४१ ते १९४३ या काळात ते कोलकाता उच्च न्यायालयात न्यायाधीश होते आणि १९४४ मध्ये विद्यापीठाचे कुलगुरू झाले.

१९४६ मध्ये त्यांना टोकियोला पाठवण्यात आले. ११ देशांच्या ११ न्यायाधीशांपुढे जपानच्या २८ नेत्यांवर खटला चालणार होता. दोघांचा सुनावणीदरम्यान मृत्यू झाला, एकाला मानसिक आजारामुळे वगळण्यात आले आणि २५ आरोपी उरले. नोव्हेंबर १९४८ मध्ये बहुमताने सर्वांना दोषी ठरवले. सात जणांना २३ डिसेंबर रोजी फाशी देण्यात आली. पाल यांनी मात्र सर्व आरोपींना सर्व आरोपांतून मुक्त करावे, असे मत नोंदवले. हॉलंड आणि फ्रान्सच्या न्यायाधीशांचेही मतभेद होते, पण इतक्या टोकाला दुसरे कोणी गेले नाही.

बाराशेहून अधिक पानांच्या या निकालपत्राचा गाभा तसा साधा आहे. आक्रमक युद्ध सुरू करणे हा युद्धाच्या वेळी कायद्याने गुन्हा नव्हता. १९२८ च्या पॅरिस कराराने युद्धाचा त्याग केला खरा, पण स्वसंरक्षण कशाला म्हणायचे हे ठरवणे प्रत्येक राष्ट्रावरच सोडले. मग मागाहून केलेल्या कायद्याने पराभूतांना शिक्षा देणे हा न्याय कसा, असा त्यांचा प्रश्न होता. न्याय करणाऱ्यांपैकी काही राष्ट्रांच्या स्वतःच्याच वसाहती होत्या आणि अणुबॉम्ब टाकण्याचा निर्णय कोणत्याही न्यायालयासमोर आला नव्हता, याकडेही त्यांनी लक्ष वेधले.

येथे एक गोष्ट स्पष्ट करायला हवी. नानकिंग येथील आणि युद्धकैद्यांवरील अत्याचार पाल यांनी नाकारले नव्हते. ते घडले, हे त्यांनी मान्य केले. त्यांचे आदेश याच आरोपींनी दिले किंवा ते रोखण्याची कायदेशीर जबाबदारी त्यांचीच होती, हे सिद्ध झाले नाही, असे त्यांचे म्हणणे होते. अत्याचार इतके व्यापक असताना वरिष्ठांना त्यापासून इतके दूर ठेवणे अनेक अभ्यासकांना पटत नाही, आणि ही शंका रास्तच आहे.

हे निकालपत्र न्यायालयात वाचले गेले नाही. भारतात ते १९५३ मध्ये कोलकात्यात ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाले. पंतप्रधान नेहरूंना ते रुचले नव्हते आणि ही सरकारची भूमिका नव्हे, अशी त्यांची धारणा होती. त्याच दिल्लीने १९५९ मध्ये पाल यांना पद्मविभूषण दिले.

आता निवडीविषयी. विधी आयोग हे न्यायालय नव्हे. आंतरराष्ट्रीय कायद्याचे मसुदे तयार करणे हे त्याचे काम आहे. राष्ट्रे नावे सुचवतात, आमसभा गुप्त मतदानाने सदस्य निवडते आणि एका देशाचे एकाहून अधिक सदस्य नसतात. सर बेनेगल नरसिंह राव हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात गेल्यानंतर, १९५२ मध्ये पाल या आयोगावर आले आणि पुढील निवडणुकांतही निवडून येत १९६६ पर्यंत तेथे राहिले. १९५८ आणि १९६२ या दोन वर्षी ते अध्यक्ष होते. १९५८ च्या अधिवेशनात राजनैतिक संबंधांविषयीचा मसुदा पूर्ण झाला. त्यावरूनच १९६१ चा व्हिएन्ना करार झाला. दूतावास आणि राजदूतांचे संरक्षण आजही त्याच कराराच्या आधारे होते.

१९६६ मध्ये जपानच्या सम्राटांनी पाल यांचा गौरव केला. १० जानेवारी १९६७ रोजी कोलकात्यात त्यांचे निधन झाले. त्यानंतर टोकियोच्या वादग्रस्त यासुकुनी मंदिराच्या आवारात २००५ मध्ये त्यांचे स्मारक उभारले गेले. २००७ मध्ये पंतप्रधान शिंझो आबे यांनी भारतीय संसदेत त्यांचा उल्लेख केला आणि कोलकात्यात जाऊन त्यांच्या मुलाची भेट घेतली. जपानमधील उजव्या गटांना पाल यांची मुक्ततेची शिफारस आठवते, अत्याचारांविषयीची पाने फारशी आठवत नाहीत.

ज्या व्याख्येचा अभाव पाल यांनी टोकियोत दाखवून दिला, ती आक्रमणाची व्याख्या आमसभेने १९७४ मध्ये स्वीकारली. आक्रमणाच्या गुन्ह्यासाठी व्यक्तींवर खटला चालवण्याचा अधिकार आंतरराष्ट्रीय फौजदारी न्यायालयाला जुलै २०१८ मध्ये मिळाला.