पंडिता रमाबाई आणि सभाधैर्य

सभेंत उभें राहिलें कीं जीभ अडखळते, अशी पालीसारख्या खेड्यांतील पुष्कळ बंधुभगिनी आम्हांपाशीं तक्रार करितात. अशांनीं पंडिता रमाबाईंचें चरित्र ध्यानीं आणावें. आपल्याच पुणें जिल्ह्यांत, केडगांवीं, १९२२ सालीं त्यांनीं देह ठेविला.

त्यांचा जन्म १८५८ सालीं झाला. मातोश्री लक्ष्मीबाईंनीं त्यांस संस्कृत शिकवून पुष्कळ श्लोक पाठ करविले. हें कुटुंब तीर्थोतीर्थीं हिंडून पुराण सांगे. तेथेंच लोकांपुढें बोलण्याची संवय त्यांस जडली. पुढें दुष्काळांत आईबाप गेले, तरी त्यांची वाणी खचली नाहीं. १८७८ सालीं कलकत्त्याच्या विद्वानांनीं त्यांस पंडिता ही पदवी दिली. १८८२ सालीं पुण्यास हंटर कमिशनपुढें, मुलींस स्त्री-शिक्षिका व आजारी स्त्रियांस स्त्री-डॉक्टर मिळाव्या, असें त्यांनीं मराठींत निर्भयपणें मांडिलें. पुढील वर्षीं इंग्लंडांत त्यांचा बाप्तिस्मा झाला.

हें धैर्य एका दिवसांत आलें नाहीं. पाठांतर, सराव व दुःखितांविषयींची कळकळ यांतून तें वाढलें. यास्तव उपदेशकांनीं शास्त्रपाठ आठवडाभर घरीं मोठ्यानें वाचावा, प्रथम घरच्यांस समजावून सांगावा, मग मंडळीपुढें उभें राहावें. ज्यांचें कोणी ऐकत नाहीं त्यांच्याकरितां आपण बोलतों, हें मनांत असलें म्हणजे लाज मागें पडते.