ज्याने घराघरात समुद्र पोचवला, त्यालाच ओका पडलेला किनारा बघावा लागला

समजा तुम्ही कर्जतच्या भिसेगावात राहता. लहानपणी मुंबईचं तारापोरवाला मत्स्यालय बघितलंय. हल्ली रील्सवर निळ्या लाइटखाली डोलणारे प्रवाळ बघून डोक्यात किडा वळवळतोय, आपल्याही घरात खाऱ्या पाण्याची रीफ टँक पाहिजे. काच आली, पंप आला, मीठ आलं. मग प्रश्न पडतो, तळाला टाकायचं काय?

उल्हास नदी शेजारीच आहे. दोन घमेली वाळू आणू, धुऊ आणि टाकू, असं वाटणं साहजिक आहे. पण हा प्रश्न दिसतो तितका किरकोळ नाही. साधारण पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका इंग्रज माणसाला त्याचं बरोबर उत्तर सापडलं आणि त्याच उत्तराने त्याचा लाडका किनारा ओका केला.

त्याचं नाव फिलिप हेन्री गॉस.

गॉसचा जन्म 1810 चा, इंग्लंडमधल्या वूस्टरचा. वडील गावोगाव फिरून छोटी चित्रं काढायचे, त्यामुळे घरात पैशांची चणचण कायमची. बालपण गेलं पूल नावाच्या बंदरात. 17 व्या वर्षी पोरगा जहाजात बसून न्यूफाउंडलँडला गेला आणि तिथल्या एका व्यापारी पेढीत कारकून झाला. तिथे सूक्ष्मदर्शकावरचं एक जुनं पुस्तक त्याच्या हाती लागलं आणि किडे, फुलपाखरं गोळा करायचा नाद लागला तो कायमचा.

पुढे त्याने कॅनडात शेती केली, ती फसली. अमेरिकेत अलाबामात मास्तरकी केली, तीही फार टिकली नाही. 1839 ला तो इंग्लंडला परतला आणि लिहून पोट भरायला लागला. 1844 ला जमैकाला जाऊन त्याने दीड वर्ष तिथले पक्षी अभ्यासले. 1848 ला एमिली बोज हिच्याशी लग्न झालं, पुढच्याच वर्षी मुलगा झाला, एडमंड.

कामाच्या ताणाने तब्येत ढासळली तेव्हा, 1852 साली, गॉस कुटुंबाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावर राहायला गेला. खरी गोष्ट इथून सुरू होते.

ओहोटी लागली की गॉस खडकांवर उतरायचा. डबक्यातले सी ॲनिमोन, खेकडे, शेवाळ बघत तासन्‌तास घालवायचा. इल्फ्राकूमच्या खडकांत त्याला शेंदरी-सोनेरी रंगाचं एक छोटं प्रवाळ सापडलं. आजही त्याच्या शास्त्रीय नावापुढे गॉसचं नाव लागतं.

हे जीव घरी जिवंत ठेवायचे कसे, हा त्याच्यापुढचा प्रश्न होता. काचेवरचा कर 1845 ला उठला होता, त्यामुळे काच स्वस्त झाली होती. वनस्पती पाण्यात ऑक्सिजन सोडते आणि प्राणी त्यावर जगतात, हेही कळलं होतं. पण समुद्री शेवाळ उपटून आणलं की मरायचं.

कारण शेवाळाला आपल्या झाडांसारखी मुळं नसतात. ते दगडाला चिकटून जगतं. म्हणून गॉसने छिन्नी-हातोडी घेतली आणि शेवाळ त्याच्या दगडाच्या टवक्यासकट काढायला सुरुवात केली. शेवाळ जगलं, टँकही जगली. थोडक्यात, टँकमध्ये पाण्याइतकाच दगड महत्त्वाचा आहे, हे त्याने ओळखलं होतं.

1853 ला लंडनच्या प्राणिसंग्रहालयात जगातलं पहिलं सार्वजनिक मत्स्यालय उघडलं, त्यात गॉसने गोळा केलेले जीव होते. 1854 ला त्याचं ॲक्वेरियमवरचं पुस्तक आलं आणि हा शब्दच घरोघरी रूढ झाला. समुद्रापासून लांब राहणाऱ्यांसाठी त्याने चार क्षारांपासून खारं पाणी बनवायची कृतीही दिली.

मग काय, अख्खं इंग्लंड वेडं झालं. सुट्टीत माणसं छिन्नी, हातोडी आणि बरण्या घेऊन किनाऱ्यावर उतरली. प्रत्येकाला टँकसाठी जिवंत दगड हवा होता. बघता बघता हजारो वर्षांत सजलेली डबकी उजाड झाली.

गॉसचे पुढचे दिवसही कठीण होते. 1857 ला एमिली स्तनाच्या कर्करोगाने गेली. त्याच वर्षी त्याने बायबल आणि भूगर्भशास्त्र यांचा मेळ घालणारं पुस्तक लिहिलं, ते ना धार्मिकांना पटलं ना शास्त्रज्ञांना. 1888 ला डेव्हनमध्येच तो वारला. पुढे 1907 मध्ये एडमंडने आठवणी लिहिल्या. त्यात ओक्या पडलेल्या किनाऱ्याचं आणि आपल्यामुळेच हे झालं, या वडिलांच्या दुःखाचं वर्णन आहे.

आता पुन्हा भिसेगावच्या टँककडे येऊ.

आपल्या नदीची वाळू काळ्या पाषाणाची. रीफची वाळू शंख-शिंपले आणि प्रवाळाच्या चुऱ्याची, म्हणजे कॅल्शियम कार्बोनेटची. म्हणून रीफ टँकला ॲरागोनाइट वाळू वापरतात. दाणा साधारण 1 ते 2 मिलिमीटरचा बरा. फार बारीक असेल तर पंपाच्या प्रवाहात उडते, फार जाड असेल तर खडीच्या फटीत घाण साचते. थर 3 ते 5 सेंटिमीटर पुरतो.

खरं काम दगड करतो. त्याच्या छिद्रांत राहणारे जिवाणू माशांच्या विष्ठेतून तयार होणारा विषारी अमोनिया आधी नायट्राइट आणि मग नायट्रेटमध्ये बदलतात. पण त्यासाठी समुद्रातला जिवंत दगड फोडायची गरज नाही. कोरडा किंवा कारखान्यात बनवलेला सच्छिद्र दगड घ्या, त्यावर जिवाणू सोडा आणि काही आठवडे दम धरा. अमोनिया आणि नायट्राइट शून्यावर आले, की मगच मासे सोडा.

आपल्याकडे तर कायदाच आहे. 2001 पासून रीफ बांधणारी सगळी कठीण प्रवाळं वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची 1 मध्ये आहेत, म्हणजे वाघाच्या रांगेत. त्यामुळे कुणी समुद्रातून काढलेला प्रवाळी दगड स्वस्तात देत असेल, तर तिथून निघा.

गॉसच्या हाती हातोडीशिवाय दुसरा मार्ग नव्हता. तुमच्याकडे आहे. तळाला काय टाकायचं हे ठरवताना, ते कुठून उचललंय हेही एकदा विचारा.