हरल्यावरचे खाशाबा

पवईत आमच्या मंडळातल्या मुली कुस्ती शिकतात. पहिल्याच हरण्याला रडू लागल्या की मी त्यांना कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांबद्दल सांगते. १९४८ला लंडन ऑलिंपिकमध्ये ते सहावे आले. तांबड्या मातीतला पैलवान. मॅट नवी, नियमही नवे! कुठं कमी पडलो ते हेरून, वरच्या वजनगटात जाऊन त्यांनी कसून मेहनत घेतली. १९५२ला हेलसिंकीला जायला पैसे कमी पडले, तेव्हा राजाराम कॉलेजच्या प्राचार्य खर्डेकरांनी राहतं घर गहाण टाकलं. (त्यांच्या घरातल्या बाईंची काय घालमेल झाली असेल, मैत्रिणींनो!) खाशाबांनी कांस्यपदक आणलं, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक. गावी शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली. नंतर त्यांनी कोल्हापुरात कुस्त्या भरवल्या, स्वतः जिंकल्या आणि त्या पैशातून सरांचं घर सोडवलं.